मेथिओनिनचा थेंब

आमच्या प्रयोगशाळेत सगळे मला अम् शाद्ली म्हणतात; काका म्हटल्यासारखंच ते. खुद्द आमचे साहेब सी तिजानीसुद्धा. वसीला संशोधनाला आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने तो अम् काढून टाकला. "शाद्ली, ताटल्या नीट धुतल्यास का?" तिचं वय सव्वीस, माझं बावन्न.

कोंब ज्या खळीवर वाढतात ती खळ मी शिजवतो. त्यात काय आणि किती घालायचं, हे बावीस वर्षं माझ्याच हातात आहे. एकदा तिने मोजलेल्या भुकटीचं वजन चुकलेलं मी दाखवलं, तर सगळ्यांसमोर म्हणाली, "शाद्ली, तू आचारी आहेस. आचाऱ्याने जेवणाऱ्याला चव शिकवू नये." सगळे हसले. मीही हसलो. मनात म्हटलं, बघून घेईन.

सातूच्या झाडाला लायसिन, थ्रिओनिन आणि मेथिओनिन ही तीन अमिनो आम्लं एकाच चुलीवर रांधावी लागतात. चुलीच्या तोंडाशी एक एन्झाइम बसलेलं असतं. लायसिन आणि थ्रिओनिन पुरेसं झालं की तीच जाऊन त्या एन्झाइमला चिकटतात आणि त्याचं काम बंद पाडतात. म्हणून दाण्यात ती बेताचीच असतात. ज्याचं एन्झाइम असलं काही ऐकत नाही, असं एक तरी झाड वसीलाला हवं होतं. ते शोधायची रीत निर्दय आहे. कोंबाला वरून लायसिन आणि थ्रिओनिन भरपूर पाजायचं. एन्झाइम बंद पडतं, मेथिओनिनही बनत नाही, आणि कोंब भरल्या ताटासमोर उपाशी मरतो. जो मरणार नाही, तो तिचा.

आठ महिन्यांत तिने सहा हजार कोंब मारले. झाड मिळालं तर समुद्रापलीकडे माँपेलिएच्या प्रयोगशाळेत तिला जागा होती, नाहीतर आडबाजूच्या कासरीनच्या शाळेत विज्ञानाची बाई. हे ती रोज कुणाला ना कुणाला ऐकवायची. माझ्याशी बोलायची ती ताटल्यांपुरतं.

एका सकाळी मी तिच्या एका कोंबाच्या बुडाशी मेथिओनिनचा एक थेंब सोडला.

दोन आठवड्यांनी ती ओरडतच बाहेर आली. "मिळालं! हिरवं आहे, मुळं धरलीत!" दुसऱ्या दिवशी आईने पाठवलेले कैरवानचे मकरूद, खजूर भरलेल्या गोड वड्या, तिने वाटले. "शाद्ली, दोन घे," म्हणाली. मी चार घेतले.

सी तिजानी मात्र मुरलेले. "हुरळून जाऊ नकोस पोरी. याला दाणे धरू देत, मग पुन्हा तेच पाज. गुण एकाच बाजूने आला असेल तर चारातले तीन जगतील. तसं झालं तर मी स्वतः माँपेलिएला पत्र लिहितो."

दाणे धरले. तिने ऐंशी नळ्यांत ऐंशी कोंब लावले. हिशेबाने साठ जगायला हवेत. पण निसर्ग काही इतका काटेकोर नसतो, म्हणून मी अठ्ठावन्न नळ्यांत थेंब सोडले. सी तिजानींनी चष्मा लावून स्वतः मोजले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "अल्हम्दुलिल्लाह, अम् शाद्ली, आकडा असावा तर असा!"

पत्र गेलं. माँपेलिएचे पाहुणे यायचं ठरलं. त्यांच्यासमोर उघडायला म्हणून वसीलाने चाळीस नव्या नळ्या लावल्या, कपाटाला कुलूप घातलं आणि त्यावर आपल्या सहीचा कागद चिकटवला. किल्ली माझ्याकडेही होती. त्या खेपेला मी काहीही केलं नाही.

पाहुणे आले. सी तिजानींनी टाय घातला होता. कपाट उघडलं, तर चाळीसच्या चाळीस नळ्यांत पिवळे, बोटभरही न वाढलेले मेलेले कोंब. एका पाहुण्याने दोन नळ्या उजेडात धरून पाहिल्या आणि कॉफी कुठे मिळेल ते विचारलं.

ते गेल्यावर सी तिजानी म्हणाले, "दोन वर्षं मला मनातले मांडे खाऊ घातलेस ना? आधीचा आकडा कुठून आणला होतास, घरून?"

"सी तिजानी, तुम्ही स्वतः मोजला होता."

"मोजला मी. पिकवलास तू. उद्यापासून येऊ नकोस."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

शनिवारी ती सामान न्यायला आली. तीन आठवड्यांपूर्वी नव्या कोंबांच्या लावलेल्या शेवटच्या ताटल्या तशाच पडल्या होत्या. टाकायच्या आधी ती एकेकीचं झाकण उघडून बघत होती. पाचवीशी थांबली.

"शाद्ली, हे बघ."

मेलेल्या कोंबांच्या मधोमध एक हिरवा होता. तीन पानं, पांढरी, लांब मुळं. त्या ताटल्यांना मी बोटसुद्धा लावलं नव्हतं. हे खरं होतं. इतके दिवस ती शोधत होती तेच झाड.

तिच्या तोंडावर आनंद दिसला आणि माझं डोकं फिरलं. कुणी मारलं हेच मार खाणाऱ्याला कळणार नसेल, तर आपला हात दुखवून घेण्यात काय अर्थ?

"पहिल्याला मेथिओनिन मी पाजलं होतं," मी म्हणालो. "त्या अठ्ठावन्नांनाही."

ती स्टुलावर बसली.

"का?"

"आचारी ना मी."

"मी सी तिजानींना सांगेन."

"सांग की. पकडलेला चोर दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हे त्यांना ठाऊक आहे."

तिने ताटली जवळ ओढली. मग मान वर न करता तिने विचारलं, "आणि ह्याला?"

याचं उत्तर जगात फक्त माझ्याकडे होतं. 'नाही' म्हटलं असतं, तर ती ते रोप उराशी धरून सी तिजानींच्या दारात गेली असती. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, पण पुन्हा तपासलं असतं. ते तसे आहेत.

"ह्यालाही," मी म्हणालो.

तिने चिमट्याने ते रोप उपटलं, कचऱ्याच्या पिशवीत टाकलं आणि पिशवीला गाठ मारली. "पुढे कुणी फसायला नको," म्हणाली आणि पेटी उचलून निघून गेली.

गाठ सैल होती. रोप काढून कुंडीत लावता आलं असतं. पण मग ती खरी ठरली असती. मी पिशवी निर्जंतुक करायच्या वाफेच्या भांड्यात ठेवली आणि झाकण आवळलं.