आलास?

चिमणीचं डोकं फुटलं आणि आतली भाषा सांडून गेली, असं शेजारपाजारचे म्हणत. म्हणणाऱ्यांचं तोंड कोण धरणार? दुचाकी दादा चालवत होता, ती मागे बसली होती. दादा गेला, ती राहिली. मेंदूचा जो भाग चेंगरला होता, तिथे डॉक्टरांनी ‘तयार केलेला’ नवा भाग बसवला. तो रुजला, आणि अठरा वर्षांची घोडी बाराखडीपासून बोलायला शिकू लागली.

शिकवायला वाचाबाई यायच्या. हे नाव चिमणीनंच ठेवलेलं. बाई गोचिडासारख्या चिकट. रोज विचारत, सकाळी काय काय केलंस? चिमणी सांगे, मी उठलो, मी फिरायला गेलो. बाई म्हणत, उठले, गेले. चिमणीही म्हणे, उठले, गेले. आणि लगेच पुढे, मग मी परत आलो. पहिल्यांदा सगळे हसले. मावशी म्हणाली, भावाच्या मागे मागे करत वाढलेली पोर, त्याचंच उचलणार. बूट बांधताना ती शीळ घालायला लागली तेव्हाही कुणाला काही वाटलं नाही. खरं तर चिमणीला जन्मात शीळ जमली नव्हती. दादा त्यावरून चिडवून चिडवून तिला रडकुंडीला आणायचा.

तिला स्वतःला मात्र एक गोष्ट आतून खात होती. तिला अपघात आठवत होता, आणि चुकीचा आठवत होता. तिच्या हातात हँडल होतं. बाजूच्या आरशात मागे बसलेली मुलगी दिसत होती, वाऱ्यानं केस तोंडात गेलेली, खदखदून हसणारी. ती मुलगी चिमणी होती.

हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. मग एका दुपारी फिरून आल्यावर चपला काढता काढता तिच्या तोंडून गेलं, “आई, मी आलो.”

“आलास? हात धू आधी,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

आलीस नाही, आलास. भांडी घासता घासता, इतकं सहज, जणू रोजचंच. चिमणी दारातच थिजली. आतला नळ बंद झाला. आई ओल्या हातांनी बाहेर आली आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं तिच्यावरच ओरडली, दारात काय खांबासारखी उभी राहिलीस म्हणून. ओरडता ओरडताच ती मटकन खाली बसली.

मग सगळं बाहेर पडलं. नवा भाग कुठे तयार केलेला नव्हता. तो दादाचा होता. आणि तो काढला तेव्हा दादा गेलेलाही नव्हता. यंत्रावर त्याचा श्वास चालू होता. जगला असता तर अंथरुणाला खिळून. डॉक्टरांनी आईला विचारलं. बाप नसलेल्या घरात विचारायला दुसरं होतं कोण? आई हो म्हणाली.

“मला दोघंही हवी होती,” आई म्हणाली. “एका अंगात का होईना.”

अशा बाईवर रागवावं तरी कसं? चिमणी तरीही रागावली. कित्येक दिवस आईशी बोलली नाही, आणि एक दिवस एकटीच मोठ्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर नजर चुकवत बोलले. दादाचा भाग नुसता रुजला नव्हता, तो पसरत होता. इंजेक्शनं देऊन त्याला मारता येईल. बरेच शब्द जातील, उजवा हात लुळा पडेल, पण उरेल ती चिमणीच. नाहीतर वर्षभरात चिमणीचा नुसता चेहरा उरेल. मात्र संमती तिची स्वतःची हवी, रुग्णालयाच्या समितीसमोर, तिच्याच तोंडून. मागच्या खेपेचं प्रकरण आतल्या आत रुग्णालयाच्या अंगाशी आलं होतं, त्यामुळे आता सगळे ताकही फुंकून पीत होते.

तिला जगायचं होतं. दादाला मारायचं नव्हतं. या दोन्ही गोष्टी एका डोक्यात मावत नव्हत्या. पण एकदा बूट बांधताना शीळ आपोआप थांबली, आणि तिला आत काहीतरी ओळखीचं हललेलं जाणवलं. लहानपणी ताटातला शेवटचा घास तिच्यासाठी ठेवून, पोट भरलं म्हणत दादा उठायचा, तसं. ती खूप रडली, इंजेक्शनं घ्यायचं ठरवलं आणि मग वाचाबाईंना म्हणाली, माझ्याकडून वाक्य पाठ करून घ्या. बाईंनी घोकून घेतलं: मी विचार करून तयार झाले आहे.

समितीत बोलत होत्या फक्त वकीलबाई. काय होणार, काय जाणार, हे त्यांनी विचारलं आणि चिमणीनं नीट सांगितलं. मला कळलंय, मला माहीत आहे, मला चालेल. बोलणारा तो की ती, हे अशा वाक्यांत कळत नाही. मराठीत लपायला जागा पुष्कळ आहे. मग वकीलबाई म्हणाल्या, आता तुझा निर्णय सांग.

“मी विचार करून तयार झालो आहे.”

आवाज जरासुद्धा कापला नाही. सोबत आलेल्या वाचाबाईंनी डोळे मिटून घेतले. हे कोण बोललं ते चिमणीला कळलं. तिच्यासाठी दादा तयार झाला होता, जायला. भिंतीशी बसलेल्या आईनं अडकलेला श्वास सोडला, आणि तोही चिमणीनं ऐकला.

वकीलबाईंनी हळूच सांगितलं की हे ‘झालो’ भावाचं आहे, ही संमती रुग्णाची धरता येत नाही. चिमणी म्हणाली, पुन्हा विचारा. हवं ते उत्तर येईपर्यंत विचारत राहिलं तर ती संमती कसली, असं त्या म्हणाल्या, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

“मग त्याची धरा,” चिमणी म्हणाली. “तो हो म्हणतोय ना.”

“तो हयात नाही, बाळा. मेलेल्या माणसाची संमती चालत नाही.”

जिवंत होता तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही, आणि आता तो आपणहून सांगतोय तर तो मेलेला. समिती उठली.

दोघी घरी परतल्या. आई कुलूप काढून आत गेली आणि तिनं नळ सोडला. चिमणी उंबऱ्यापाशी थांबली. तिनं शब्द जपून जुळवले.

“आई, मी आले.”

नळ वाहत राहिला. ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं, “आई, मी आले.” नळ बंद झाला. आई ऐकत होती, पण उत्तर आलं नाही. चिमणीनं चौकट धरली. कुणीतरी आपल्याला आत बोलवावं, एवढंच तिला हवं होतं. ती पुष्कळ वेळ थांबली.

“आई, मी आलो.”

“आलास?” आई रडत म्हणाली. “ये. हात धू.”