बठ्ठास्नी घोडी

मी एक जुनी घोडी आहे. हसू नका, मित्रांनो! शेपटीची नव्हे, सागाची. कारागीर ज्या चौपायीवर वस्तू ठेवून काम करतात, तिला घोडी म्हणतात. धुळ्याच्या निंबा मिस्त्रींनी मला घडवलं आणि सोनगीरजवळच्या एका टेक्निकल शाळेत आणून उभं केलं. पाठीवर लोखंड आवळून धरणारा व्हाइस बसला. अख्ख्या शेडमध्ये माझ्या तोडीची दुसरी नव्हती, हे मीच सांगते. दुसरं कोण सांगणार?

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात सगळे सर माझ्याभोवती जमले. आठवीच्या वर्कशॉपमध्ये काय शिकवायचं, कुणाकुणाला घ्यायचं, ते ठरवायचं होतं. चहाचे कप माझ्याच पाठीवर. डाग अजून आहेत. गाडी अडली कुंदापाशी. कुंदा हुशार पोर, पण पोलिओनं दोन्ही पाय लुळे. तिला लोखंडाचं काम शिकायचं होतं.

"लोखंड घासायची कानस उभ्यानं चालते," वर्कशॉपचे भटू सर म्हणाले. "तिला शिवण देऊ."

लेकीला सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणणारी भागाबाई दारातच होती. ती कसली गप्प बसते!

"शिवन मी घर शिकाडसू! त्येनासाठे शाळा कसाले? हाई घोडी कोनी शे? नुसती उभा राहनारास्नी? बठ्ठास्नी शे ना? मंग बठ्ठास्नी करा!"

मुख्याध्यापक घोरपडे सर साताऱ्याकडचे. आमची अहिराणी त्यांच्या डोक्यावरून जायची. 'बठ्ठास्नी' म्हणजे सगळ्यांची. त्यांनी ऐकलं 'बैठी'.

"बैठी करा म्हणताय? अहो बाई, मग अडचणच मिटली की!"

दुसऱ्या दिवशी निंबा मिस्त्री करवत घेऊन आले. ज्यांनी पाय दिले, त्यांनीच ते गुडघ्यातून कापले. मित्रांनो, मला फार लागलं. उंची हाच तर माझा तोरा होता. कापलेले तुकडे आडवे घालून त्यांवर फळी ठोकून मिस्त्रींनी कुंदाला बसायला पाट केला.

भागाबाईनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "आवो सर, मी बठ्ठास्नी म्हनं, तुम्ही बैठी आयकं! तुमना कान वाकडा शेतस, पन काम सरळ व्हयनं!"

सरांनी अभ्यासक्रमातच घातलं : काम उभ्यानं किंवा बसून. कुंदाची पहिली बिजागरी माझ्या पाठीवर घडली. कानस निसटली, माझ्या कडेला खाच पडली. ती हळूच म्हणाली, "लागनं का वं?" इतक्या वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. हळूहळू ठेंगणी पोरं, तापातून उठलेली पोरं, सगळी माझ्याकडे येऊ लागली. उंच होते तेव्हा एवढी माणसं मला कधी मिळाली नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात घोरपडे सरांची बदली झाली. नव्या साहेबांना सगळं एका उंचीत, एका रांगेत हवं. "ही खुजी कशाला मध्ये?" म्हणाले. व्हाइस काढला, मला व्हरांड्यात टाकलं, वर पाण्याचा माठ ठेवला.

जूनमध्ये कुंदा हातांवर सरकत शेडमध्ये गेली. माझ्या जागी नवी उंच घोडी. कुंदानं पाटावर बसून हात वर केला.

"माय, मना हात पुरस नही."

साहेब समजुतीनं बोलले, "तिला प्रात्यक्षिकात सूट दिली आहे." सूट! मागितली होती कुणी?

"माठले घोडी दिन्ही अन् मन्ही पोर घर धाडी," भागाबाई म्हणाली. "वा रे तुमनी शाळा!" या खेपेला तिचं कोणी चुकीचंही ऐकलं नाही. ऐकलंच नाही.

जाताना कुंदा माझ्यापाशी थांबली. पाणी प्यायली. खाचेवरून बोट फिरवलं. मग पाट कॅरिअरला बांधून मायलेकी गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

मित्रांनो, लाकडाला तेल लावा, वाळवी लागू देऊ नका, हे मी सांगणारच. पण एक जास्त सांगते. कुठं काही सगळ्यांसाठी मांडाल, तेव्हा आधी खाली बसून हात वर करून बघा. पुरला नाही, तर करवत आणा. लागेल थोडं, मी सोसलंय.

माझी पाठ इथं माठाखाली भिजतेय. पाय मात्र कुंदाच्या घरी आहेत. त्यांच्यावर बसून ती आता शिवण शिवते म्हणे.