वर आलेले मासे

आठवीपर्यंत मान खाली घालून बसणाऱ्या पूर्वाला नववीत जो कंठ फुटला, तो फुटलाच. वक्तृत्वात पहिली आल्यापासून बाईसाहेब घरातही माइक हातात असल्यासारख्या बोलायच्या. विज्ञान प्रदर्शनाचा विषयही तिने तोऱ्यात जाहीर केला: धम्मदीपमामाचे मासे.

मामा हिंजवडीत कंपनीची बस चालवायचा आणि घरामागे ताडपत्रीच्या गोल टाकीत तिलापिया पाळायचा. टाकीत मासे खच्चून भरलेले. हवेचा पंप दिवसरात्र बुडबुडे सोडायचा, त्यावरच त्यांचा जीव. रविवारी मामा खाद्य आणायला निघाला, तेव्हा त्याने बजावलं की व्हिडिओ खुशाल कर, पण कशालाही हात लावू नकोस.

"मामा, मी काय बालवाडीत आहे?"

पंपाच्या घरघरीत तिचा आवाज काही नीट येईना. तिने बटण बंद केलं. दोन मिनिटांचं तर काम. मग एकदा शब्द अडखळला, एकदा केस डोळ्यांवर आले, एकदा शेजारचं कुत्रं मध्येच भुंकलं. अर्ध्या तासाने मात्र असं झकास जमलं की ती हरखूनच गेली. सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते, थेट तिच्यासमोर. व्हिडिओ विज्ञानाच्या बाईंना पाठवायला ती घरात पळाली, मग वर्गातल्या राजनंदिनीचा फोन आला, आणि पंप राहिला तो राहिलाच.

मामा आला तो खाद्याचं पोतं फाटकातच टाकून टाकीकडे धावला. बटण दाबलं, बुडबुडे आले, पण पाण्यावर पांढरी पोटं पसरली होती.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पूर्वा रडत रडत सांगू लागली, अरे मी गेले तेव्हा चांगले होते, हे बघ. तिने व्हिडिओ लावला. त्यात ती हसून म्हणत होती, "बघा, मासे किती खूश आहेत."

मामाने तो शेवटपर्यंत पाहिला.

"खूश नव्हते गं. गुदमरत होते. तुला तोंडावर सांगत होते ते."

मग तो जाळी घेऊन मेलेले काढू लागला. एकाचं शेपूट हललं, असं पूर्वाला वाटलं. तिने बाही न सरकवताच हात पाण्यात घातला आणि तो मासा बुडबुड्यांसमोर धरला. कल्ले उघडेनात. तिने दुसराही हात लावला.

"सोड आता, पूर्वा," मामा म्हणाला. "तो गेलाय."

तिने ऐकलं, पण सोडला नाही.