पुढच्या ओढ्यापाशी

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला टेसाच्या कानाशी प्लॅस्टिकच्या पिशव्या चुरचुरायला लागल्या. डोळे न उघडताच तिला कळलं, सासूबाई उठल्या.

"झोप तू, झोप," म्हणत वर्ना तंबूची चेन उघडून बाहेर गेली आणि बाहेरून तंबूच्या खुंट्या उपटायला लागली.

"वर्ना, मी आत आहे अजून!"

"अगं, कडेच्याच काढतेय. ऊन चढायच्या आत सहा मैल व्हायला हवेत. एकतीस वर्षं दारोदार टपाल वाटलंय मी. ऊन काय असतं ते मला विचार."

टेसाने काही विचारलं नाही. तंबूचं कापड हळूहळू तिच्या नाकावर येऊन टेकलं.

मेक्सिकोच्या हद्दीवरच्या तारेच्या कुंपणापासून थेट कॅनडापर्यंत जाणारी ही पायवाट टेसाने दोन वर्षं मनात जपली होती. सुरुवातीचे सातशे मैल वाळवंट. नवऱ्याबरोबर, डेरिकबरोबर, जायचं ठरलं होतं. दोघांनी रजा साठवल्या, शनिवार-रविवार पाठीवर वजन घेऊन डोंगर चढले. आणि निघायला पाच आठवडे राहिले असताना पन्हळीतला पालापाचोळा काढताना डेरिक शिडीवरून पडला. घोटा मोडला. जेवणाच्या टेबलावर सगळे सुतकी चेहऱ्याने बसलेले असताना वर्ना म्हणाली, "टेसा एकटी कशाला जाईल? मी जाते की." सगळे हसले. टेसाही हसली, आणि तिथेच चुकलं. आठवड्याभरात या वाटेवर चालायचा, कुणीतरी रद्द केलेला परवाना वर्नाने कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून मिळवला. बासष्टाव्या वर्षी!

वजन दोघींत वाटून घेतलं होतं. तंबू आणि पाण्याचा फिल्टर वर्नाकडे, शेगडी, गॅस आणि भांडं टेसाकडे. म्हाताऱ्या बाईसाठी हळू चालावं लागेल, अशी टेसाची धास्ती होती. घडलं उलटंच. पहिल्याच दिवशी अकरा वाजता टेसाच्या दोन्ही टाचांना फोड आले, आणि वर्ना आपल्या टपालखात्यातल्या जुन्या बुटांत तुरुतुरु पुढे. वळणावर थांबायची, उभ्या-उभ्याच टेसाची वाट पाहायची आणि ती आली की एखादा सल्ला द्यायची. "पावलं लहान टाक." "मोजे उलटे घालून बघ." सल्ला दिला की पुन्हा चालू. आणि संध्याकाळी एखाद्या खिंडीत रेंज मिळाली की डेरिकला फोन. "तुझी बायको छान चाललीये हो. फक्त जरा हळू." तंबूच्या कापडातून हे सगळं ऐकू येतं, हे तिला माहीत नव्हतं, किंवा माहीत असावं.

त्या तिसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला वर्ना म्हणाली, "मी होते पुढे. ओढ्यापाशी भेटू."

"ओढ्यापाशी नक्की थांबा. फिल्टर तुमच्याकडे आहे."

"अगं हो, थांबते!"

टेसा ओढ्यावर पोचली तेव्हा साडेबारा वाजले होते. खुरट्या झुडपांत तसूभर सावली नव्हती. शिळांमध्ये हिरवट पाण्याचं एक डबकं होतं आणि काठावर गुरांचं शेण. वर्ना नव्हती.

"वर्ना!" तिने हाक मारली. "व-र्ना!"

एक सरडा दगडावरून सरकला, तेवढंच. ओल्या वाळूत बुटांचे ठसे दिसत होते. ओढा ओलांडून ते सरळ पलीकडे चढून गेले होते. फोनला रेंज नव्हती. बाटलीत दोन घोट उरले होते, ते तिने उभ्यानेच पिऊन टाकले. अर्धा तास वाट पाहिली. मग तिने शेगडी काढली आणि भर दुपारी, तापल्या दगडावर, ते डबक्यातलं पाणी उकळायला ठेवलं. भांडं इवलंसं. तीनदा उकळलं तेव्हा कुठे दोन बाटल्या भरल्या. गरम पाण्याने एक बाटली मऊ पडून वाकडी झाली. कढत पाणी फुंकून फुंकून पिताना टेसाला रडू फुटलं, आणि एवढ्या मेहनतीने मिळवलेलं पाणी आपण रडण्यात घालवतोय हे लक्षात आल्यावर ती आणखीच चिडली. गॅसची टाकी हलवून पाहिली. चार दिवसांच्या जेवणाचा गॅस जवळजवळ निम्म्यावर आला होता.

पुढचे चार मैल तिने मनातल्या मनात भांडत काढले. प्रत्येक वाक्य घासूनपुसून तयार केलं.

पाच वाजता पुढचा ओढा आला. तिथे तंबू लागलेला होता आणि त्याच्यासमोर एका शिळेला टेकून वर्ना जमिनीवर बसली होती.

"आलीस बाई! किती काळजी..."

"फिल्टर द्या."

"मला वाटलं आपलं या ओढ्याचं ठरलंय..."

"वर्ना, मी शेणातलं पाणी उकळून प्यायलेय. फिल्टर द्या."

"पिशवीत आहे बघ, वरच्या कप्प्यात. घे ना."

"मी नाही घेणार!" टेसाचा आवाज फाटला. घासूनपुसून ठेवलेलं एकही वाक्य आठवेना. "तुम्ही उठा आणि द्या! एवढं तरी करा!"

वर्नाने दोन्ही हात जमिनीला टेकले. एका अंगावर वळली, गुडघ्यांवर आली आणि मागच्या शिळेला धरून उठायला लागली. अर्ध्यावर तिचा डावा पाय लटपटला. ती पुन्हा खाली बसली. चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं?" टेसाने विचारलं.

"खुबा. चालत राहिलं तर काही नसतं. बसलं की आखडतो." तिने हातांची माती झटकली. "त्या ओढ्यापाशी थांबले होते मी. दहा मिनिटं, उभीच. मग उभंही राहवेना. बसले असते तर तू येईपर्यंत उठता आलं नसतं. तू ते पाहिलं असतंस आणि मला घरी धाडलं असतंस."

"धाडलंच असतं!"

"मग?"

"मग काय मग? मी तिथे तहानेने मेले असते तरी चाललं असतं? डेरिकला माहितीये हे?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस. तो आधीच घोटा धरून बसलाय."

टेसाने पिशवी उपसून फिल्टर काढला, पाणी गाळलं आणि लिटरभर गार पाणी एका दमात प्यायली. दुसरी बाटली भरून वर्नासमोर आदळली.

"आलात कशाला मग?" तिने पाठमोरी राहूनच विचारलं.

"एकतीस वर्षं रोज त्याच चारशे दारांपर्यंत चालले," वर्ना म्हणाली. "म्हटलं, एकदा तरी ज्या वाटेवर दार लागत नाही तिथे चालावं. तुला सोबत वगैरे ते सगळं नंतर."

हे निदान खरं तरी होतं. पण टेसाचा राग काही उतरला नाही. तिने वाळवलेल्या बटाट्याची पेज केली, दोघींनी ती खाल्ली आणि पाठीला पाठ लावून झोपल्या.

चौथ्या दिवशी डोंगरमाथ्यावरच्या छोट्या गावात पोचेपर्यंत वर्ना पुढे गेली नाही. दुकानासमोरच्या बाकावर टेसाने हिशेबी आवाजात अटी सांगितल्या. तिने नवी गॅसची टाकी आणि पाणी शुद्ध करायच्या थेंबांच्या दोन बाटल्या घेतल्या होत्या, एकेक दोघींच्या खिशात. दिवसाला दहा मैल, जास्त नाही. दुखलं की सांगायचं. डेरिकला माझ्या चालीबद्दल अवाक्षर नाही.

"आणि तीन दिवसांनी खाली हमरस्ता लागतो. तिथे ठरवू, तुम्ही पुढे यायचं की घरी जायचं."

"कोण ठरवणार?"

"दोघी."

"चालेल," वर्ना म्हणाली. "पण उठायचं साडेचारलाच."

"पाच."

"पावणेपाच."

टेसाने कपाळाला हात लावला. दहा मैल रोज म्हणजे सगळं वेळापत्रक कोलमडणार, बर्फाआधी उत्तर गाठायचं अवघड होणार, हे तिला दिसत होतं. तरी तिने पिशवी पाठीवर चढवली आणि वर्नापुढे हात केला.

"हात नको. काठी दे."

टेसाने आपली चालायची काठी दिली आणि उभी राहिली. वर्नाने काठी रोवली, बाकाची कड धरली, थांबली, दम घेतला, पुन्हा जोर लावला. किती तरी वेळ लागला. मदत करायची नाही आणि पुढेही जायचं नाही, याहून अवघड काम टेसाने या चार दिवसांत केलं नव्हतं. शेवटी वर्ना उभी राहिली, दोन पावलं लंगडली, तिसरं सरळ पडलं.

"चल," ती म्हणाली. "आणि त्या टाचेला पट्टी आडवी लाव, उभी नको."

"वर्ना, पुरे!" टेसा ओरडली, आणि दोघी चालायला लागल्या.