केळीत गेलेला ओटीपी

"तुन्हा फॉर्म मी खाई गऊ का?" नवनीत खुर्चीतून उठलाच. "इतली घाई शे, ते इतला दिन कोठे गयथा?"

मी टेबलावर हात आपटला. माझी बहीण रंजिता मागून शर्ट ओढत होती, पण माझं डोकं फिरलं की फिरतं.

नवनीतचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान शहाद्याच्या एसटी स्टँडमागं. मागच्या महिन्यात रंजिताचा नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म इथंच अर्धा भरला. एक पान संपलं की दुसरं, संपतच नव्हता. शेवटी एक दाखला मागितला, तो आमच्याकडे नव्हता. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात. पण नवनीतनं एक हिरवं बटण दाबलं. म्हणे, "सेव्ह करी दिनं. दाखला उना का ये, आठूनच पुढे भरू." जिथं थांबलो तिथूनच, म्हणजे.

दाखला काल मिळाला. आज शेवटचा दिवस, संध्याकाळी साईट बंद होणार. आणि हा म्हणतो, फॉर्म माझ्याकडे नाही!

"सेव्ह तूच कयं ना?"

"कयं. पन मन्हा कॉम्प्युटरमा नही. सर्व्हरवर."

"मंग सर्व्हरवालाले फोन लाव."

बाकावरची एक बाई फिसकन हसली. नवनीतनं कपाळाला हात लावला. अर्धा फॉर्म उघडायला ओटीपी लागतो म्हणे, आणि तो त्या दिवशी दिलेल्या नंबरवरच जातो. नंबर आईचा होता. आमच्या घरी रेशन, गॅस, बँक, सगळीकडे आईचाच नंबर. झोपेतून उठवलं तरी सांगू.

नवनीतनं ओटीपी पाठवला. तो विचारायला मी आईला फोन लावला.

एकच रिंग. मग कोणीतरी बाई, एकदम गोड आवाजात: "मोटर सुरू झाली आहे."

"आई?" मी म्हटलं. फोन कट.

परत लावला. "मोटर बंद झाली आहे."

"कोनले लावना तू?" रंजितानं विचारलं.

"आईले!"

एकेक आकडा बघून तिसऱ्यांदा लावला. स्पीकरवर. "मोटर सुरू झाली आहे."

"तुन्ही माय मोटर व्हयी गयी का रे, कुंदन?" नवनीत म्हणाला. मी त्याच्या अंगावर जाणार, तेवढ्यात आबांचा, आमच्या वडिलांचा, फोन आला. आबा आणि आई सकाळीच मिरची घेऊन नंदुरबारच्या मार्केटला गेले होते.

"कोन शे रे तो? मन्ही मोटर चालू-बंद कोन करी ऱ्हायना? मन्हा फोनवर मेसेजवर मेसेज!"

"मी ते आईले फोन लावस, आबा!"

मग निघालं सगळं. आमच्या केळीच्या बागेतल्या पाण्याच्या मोटरला एक पेटी आहे. तिच्यात सिम असतं. घरून फोन लावला की मोटर सुरू, परत लावला की बंद. पेटीतलं सिम बंद पडलं, म्हणून आबांनी परवा आईचंच सिम तिच्यात टाकलं. हा नंबर सगळ्यांना पाठ आहे म्हणून. आईला नवं घेतलं. मला कोण सांगणार? मी घरात टिकतो कुठं!

म्हणजे रंजिताचा ओटीपी आमच्या गावी ब्राह्मणपुरीला, केळीत, पेटीमध्ये.

"नवा फॉर्म भर मंग," मी म्हटलं. नवनीतनं तेही केलं. लाल अक्षरं आली: या आधारवर अर्ज आधीच जतन आहे.

आहे! आहे, पण देत नाही. कोणापासून सांभाळून ठेवलाय, आमच्यापासूनच? मी नववीत शाळा सोडली. माझी अर्धी नववीसुद्धा अशीच कुठं सेव्ह असेल का? असली तर तिचा ओटीपी कोणाला जात असेल?

"सिमले हात लावू नको," आबा फोनवर ओरडत होते. "आज दिवसनी लाईट शे. केळीले पानी लागी." शेतातली लाईट आमच्याकडे कधी दिवसा, कधी रात्री.

रंजितानं माझ्या हातातून फोन घेतला. ती कधी मोठ्यानं बोलत नाही, आताही बोलली नाही. "आबा, केळीले पानी उद्या बी भेटी. माले हाई साल परत भेटाव नही."

मग आबा म्हणाले, "कुंदनले सांग, पेटी उघाडाना पहिले मेन स्विच पाड."

आता मी सिम काढायचं, माझ्या फोनमध्ये टाकायचं आणि इकडं फोन करायचा. मग नवनीत परत ओटीपी पाठवेल, तो मी फोनवरच सांगायचा. पेटीतलं सिम मोठं की बारीक, आबांना आठवत नाही. निघताना नवनीतनं खणातून कात्री काढून दिली, मी न मागता. "मोठं ऱ्हायनं ते कापजो. पिवयं सोडीसन." म्हणजे सिमवरची पिवळी चिप सोडून.

रंजिता तिथंच बसलीय, दाखला मांडीवर घेऊन.

मी गावाकडच्या काळीपिवळी जीपमध्ये बसलोय, ड्रायव्हरला अजून एक सीट पाहिजे. आणि डोक्यात एकच: मोटर आता चालू आहे की बंद? तिसऱ्यांदा सुरू झाली, पण मध्येच आबांनी लावला असेल तर? पेटीला फोन लावून बघावं, तर चालू असली तर बंद होईल, बंद असली तर चालू. पेटीला हात लावताना करंट बसला तर...

आली एक बाई. भरली गाडी. चला, निघतो मी.