कठड्याचे उभे गज

"मॅडम, हत्ती टेकला तरी हलणार नाही हा कठडा!" कंत्राटदार बळीरामशेठनी वरच्या पाइपवर दणकन हात मारला. "ऐका, कसा वाजतो!"

कठडा खरंच मजबूत होता. उमेळ्याच्या या नव्या सरकारी बालवाडीत नाव ठेवायला तशी जागाच नव्हती. जोतं रस्त्यापेक्षा चांगलं उंच, खिडक्या मुलांच्या डोळ्यांना येतील अशा, भिंतीला कुठे ओल नाही. बांधकाम खात्याची कनिष्ठ अभियंता म्हणून उन्नतीने पायापासून इथे खेटे घातले होते. आता वरच्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहून तिला फक्त शेवटची सही करायची होती.

"मजबुतीचं नाही म्हणत मी," ती म्हणाली. "पाइप आडवे आहेत."

"मग? आडव्याचीच फॅशन आहे हल्ली. विरारचे टॉवर बघा."

"लहान मुलांना ही शिडीच की हो."

"नकाशात उंची लिहिली होती, ती मी दिली. आडवे की उभे, हे कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलं नव्हतं.

बालवाडीच्या इझाबेल टीचर दारातून हे ऐकत होत्या. त्या पुढे आल्या. "उन्नती, सोमवारी उद्घाटन आहे गं. पत्र्याच्या शेडमध्ये पोरं घामोळ्यांनी हैराण झालीत. आता नको काही काढूस."

तेही खरंच होतं. उन्नतीने पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. एव्हरशाईन वसाहतीतल्या तिच्या घरात टेबलाच्या प्रत्येक कोपऱ्याला स्पंज चिकटवलेला होता. "तुझ्या डोक्यात चोवीस तास ॲम्ब्युलन्स फिरते," असं सिद्धेश, तिचा नवरा, हसून म्हणायचा. आत्ता हे कोण बोलतंय, इंजिनिअर की तीच घाबरट आई? तिला स्वतःलाच कळेना.

"आई! मी बघ केवढी!"

आवाज खालून आला. सासूबाई गावाला गेल्यामुळे आज छोट्या लेकीला, प्रियलला, सोबत आणावं लागलं होतं. खाली रॅम्पच्या कडेला असाच आडव्या पाइपांचा कठडा होता, पलीकडे वाळूचा ढीग. प्रियल सर्वांत वरच्या पाइपवर पोट टेकवून लोंबकळत होती.

उन्नती जिन्याकडे वळली. पण तिच्याआधी बळीरामशेठच खाली धावले. खाली फ्लॉईड वेल्डर दोन्ही हात पसरून पोरीच्या अगदी जवळ उभा होता. शेठनी तिला उचलून कडेवर घेतलं.

"कोणी चढवलं रे हिला?" ते फ्लॉईडवर ओरडले.

"कोनी नाय, शेठ. एकेक पाय ठेवत आपली आपन चढली. मी दचकवलं नाय, हात पसरून उभा राहिलो."

प्रियल शेठच्या मिशीला हात लावून पाहत होती. शेठनी मान वर करून गॅलरीकडे पाहिलं.

"फ्लॉईड, सोमवारपर्यंत सगळे उभे गज होतील?"

"रविवारी काम करावं लागंल."

"आणि तुझं चर्च?"

"रविवारची मिसा शनवारी संध्याकाली पन असते. ती ऐकतो."

मागोमाग खाली आलेल्या इझाबेल टीचरनी उसासा सोडला. "बरं. लांबलंच तर घामोळ्यांची पावडर आणते अजून एक डबा." पण जाता जाता त्यांनी उन्नतीच्या पाठीवर हात ठेवला.

रविवारी उन्नती आली ती प्रियलचा मुठीपेक्षा जरा मोठा चेंडू घेऊनच. गॅलरीत उकिडवी बसून ती प्रत्येक दोन गजांमध्ये तो चेंडू दाबून पाहू लागली.

"मॅडम, मॅच लावायची का?" शेठनी विचारलं.

"चेंडू गेला तर पोराचं डोकंही जाईल. म्हणून बघतेय."

चेंडू कुठेच जात नव्हता. शेवटच्या कोपऱ्यात मात्र तो सुळकन निसटला आणि खाली केळीच्या वाडीत जाऊन पडला. तिघंही वाकून बघत राहिले. उन्नती काही म्हणायच्या आतच फ्लॉईडने डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. "अजून एक गज बसतो इथं," तो म्हणाला, आणि ठिणग्या उडू लागल्या.

सोमवारी संध्याकाळी फीत कापली गेली. पाहुण्यांनी भिंतीवरच्या रंगीत मासोळ्यांचं कौतुक केलं, गार फरशीचं केलं, नळांचं केलं. कठड्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. एका मुलाने गज धरून पाय वर टाकून पाहिला, पाय घसरला. पुन्हा टाकला, पुन्हा घसरला. मग तो कंटाळून घसरगुंडीकडे पळाला.

उन्नती खाली अंगणात उभी होती. एवढ्यात वरच्या गॅलरीत कुणाच्या तरी हातून चेंडू सुटला आणि टपटप उड्या मारत थेट कडेकडे आला. त्याच्या मागे प्रियल धावत होती.

उन्नतीचे दोन्ही हात आपोआप वर गेले, झेलायला.

चेंडू गजांवर आपटून थांबला. प्रियलही थांबली. दोन गजांमधून तिने नाक बाहेर काढलं, फक्त नाक, आणि खालच्या आईला बघून हसली.

उन्नतीने हळूहळू हात खाली घेतले. शेजारी उभ्या असलेल्या फ्लॉईडनेही, कोणाला दिसणार नाहीत असे, आपले खाली घेतले.