चांदणं अडवणारी छत्री

खट्! दाराआडच्या शांततेत माझी कळ दाबली गेली आणि ऐन थंडीत मी अंग पसरलं.

मित्रांनो, मी एक जुनी काळी छत्री आहे. कारखान्यात एका बाईंनी माझं कापड काड्यांना टाचलं. "ही दणकट आहे हं, पुष्कळ पावसाळे काढेल," असं त्या म्हणाल्या, आणि मी काढलेही. ज्या घरात आले, तिथल्या आईला कामावर पोचवलं, लेकीला शाळेत. लोक म्हणायचे, "छत्री असावी तर अशी!" मग एका वादळात माझी काडी वाकली. घरात रंगीत घडीची छत्री आली आणि मी दाराआड गेले. पलंगाखालचा चेंडू काढायचा असला, तरच माझी आठवण व्हायची.

पुढे घरात बाळ आलं. तेव्हापासून लेकही माझ्या शेजारी, दाराआड उभी राहू लागली. आईची मांडी कधी रिकामीच नसे.

त्या थंडीच्या रात्री आकाशात उल्कावर्षाव होता. "बाळ उठेपर्यंत तू फक्त माझी," लेकीने आईकडून कबूल करून घेतलं. दोघींनी मिळून, एकाच वेळी, एक तरी उल्का पाहायची, एवढाच तिचा हट्ट.

जेवणं उरकून दोघींनी गच्चीवर चटई अंथरली. पण चंद्र असा लख्ख, की तारेच दिसेनात! आईने मला दाराआडून आणून खुर्चीच्या पाठीला बांधलं आणि चंद्र झाकला जाईल असं उभं केलं.

शेजारच्या गच्चीवर काकू वाळलेले कपडे काढत होत्या. "अगं, पाऊस पडतोय का?"

"नाही काकू, चांदणं लागतंय!" आई म्हणाली.

"जागरणांनी डोकं फिरलंय हिचं," काकू हसत आत गेल्या.

माझ्या सावलीतून हळूहळू तारे दिसू लागले. आईला एक उल्का दिसली, तेव्हा नेमकी लेक शिंकत होती. लेकीला दिसली, तेव्हा आईचा डोळा लागला होता.

"झोपलीस ना?"

"नाही गं, डोळे मिटून बघत होते."

तेवढ्यात आतून बाळ रडलं. लेकीने आईचा हात घट्ट धरला. बाळाचा आवाज वाढला. मग तिनेच हात सोडला. "जा, घेऊन ये त्याला. नीट गुंडाळून आण, गार वारा आहे."

तिघं माझ्या सावलीत दाटीवाटीने बसली, आणि आकाशात एक लांब पांढरी रेघ सर्रकन ओढली गेली.

"दिसली!" दोघी एकदम ओरडल्या. बाळ मात्र माझ्या कापडाच्या भोकाकडे टकामका बघत होतं.

मित्रांनो, आम्हाला ओलंच गुंडाळून कोपऱ्यात टाकू नका. उन्हात वाळवा, वाकलेली काडी सरळ करून घ्या. आणि दाराआड कुणी गप्प उभं दिसलं, तर त्याला आधी हाक मारा.

लेकीने मान वर करून मला नीट न्याहाळलं. "आई, बाळ मोठं झालं, मीपण मोठी झाले, तरी आपण तिघं हिच्याखाली मावू ना गं?"

आईने लेकीला आणखी जवळ ओढलं. मी माझी वाकडी काडीसुद्धा ताणून धरली.